कळ किती सेकंदांची?

ठाणे–वाशी लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली, तरी माझी मावशी ती नको म्हणायची. ऐरोलीच्या पुढे गाडीने वेग घेतला आणि वारा उजव्या गालाला लागला की ती बोलता बोलता थांबायची आणि पदर गालासमोर आडवा धरायची, पण गालाला टेकू द्यायची नाही. विजेचा झटका बसावा तशी कळ यायची आणि पाच-सहा सेकंदांत जायची. वर्षभरात तिच्या दोन दाढा काढल्या गेल्या. कळ मात्र होती तशीच राहिली.

या विकाराला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल ही नस मेंदूच्या देठातून जिथे निघते, तिथे बहुतेक रुग्णांमध्ये एखादी रक्तवाहिनी तिच्यावर टेकलेली असते. प्रत्येक ठोक्यागणिक दाब पडून नसेचे आवरण झिजते, मग साध्या स्पर्शाचे संदेश शेजारच्या वेदनातंतूंत शिरतात. म्हणूनच दात घासणे, तोंड धुणे, घास चावणे एवढ्यानेही कळ उठते. दुखते मात्र जबड्यात, त्यामुळे रुग्ण आधी दंतवैद्याकडे जातो, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान इथेच होते.

निदानाचा मुख्य आधार रुग्णाची हकीकत हाच आहे. एमआरआय करतात तो नसेवरचा दाब पाहण्यासाठी आणि गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंचे आवरण खराब करणारा आजार) नाही ना, याची खात्री करण्यासाठी. या विकाराची कळ दोन मिनिटांपलीकडे टिकत नाही, म्हणून ती त्याआत थांबते की नाही, हे घड्याळ लावून पाहावे. कळेसोबत त्याच बाजूचा डोळा लाल होऊन घळाघळा वाहत असेल, तर ‘सन्क्ट’ या दुर्मीळ डोकेदुखीचा विचार करावा लागतो, आणि तिचे औषध वेगळे, बहुधा लॅमोट्रिजिन. डोळ्याभोवतीचे दुखणे १५ मिनिटे ते ३ तास टिकत असेल आणि रुग्णाला एका जागी बसवत नसेल, तर ती क्लस्टर डोकेदुखी. तिच्यात मास्कमधून जोराने दिलेला शुद्ध ऑक्सिजन अनेकांना पंधरा मिनिटांत उतार देतो. २ ते ३० मिनिटांचे झटके दिवसातून अनेकदा येत असतील, तर इंडोमेथॅसिन हे सूज आणि वेदना कमी करणारे औषध देऊन पाहतात; त्याने झटके पूर्ण थांबले की पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया या एकाच बाजूच्या डोकेदुखीचे निदान पक्के होते.

ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या चालत नाहीत. पहिले औषध कार्बामाझेपिन. ते सुरू केल्यावर अंगावर पुरळ उठले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, कारण विशिष्ट जनुक असलेल्या आशियाई रुग्णांमध्ये त्वचेची प्रतिक्रिया जीवघेणी ठरू शकते. रक्तातले सोडियमही अधूनमधून तपासावे लागते.

मावशीची कळ गोळ्यांनी आठवड्याभरात उतरली. पुढे मात्र मात्रा वाढत गेली आणि दिवसभर गुंगी राहू लागली, तेव्हा डॉक्टरांनी दोन मार्ग समोर ठेवले: कानामागून कवटी उघडून रक्तवाहिनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बारीक तुकडा बसवायचा, किंवा गालातून सुई घालून उष्णतेने नसेचे तंतू बधिर करायचे. दुसरा मार्ग सोपा, पण त्यात गाल बधिर राहण्याची आणि काही वर्षांनी कळ परतण्याची शक्यता अधिक. एकसष्टाव्या वर्षी, प्रकृती धडधाकट असल्याने, तिने पहिला निवडला.