थ्रेशरचा शाफ्ट बेअरिंगपाशीच का तुटतो?

सोयाबीनची सोंगणी आटोपून गंज्या लागल्या, की वाशीम-यवतमाळकडच्या लेथवर थ्रेशरचे तुटके शाफ्ट (ड्रम फिरवणारे दांडे) यायला लागतात. तुकडा नीट पाहा. तो बहुतेकदा पुलीच्या बाजूच्या बेअरिंगला लागूनच तुटलेला असतो. तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या रेषा, आणि उरलेला कोपरा खरबरीत. गुळगुळीत भाग म्हणजे कित्येक दिवस सरकत आलेली भेग. खरबरीत तेवढा शेवटच्या झटक्याचा.

ओला माल गुंडाळून ड्रम अटकला आणि शाफ्ट पिळून तुटला, असं सर्रास म्हणतात. हिशेब करून पाहू. मोटर 5 एचपी (3.73 किलोवॅट), ड्रमचे मिनिटाला 500 फेरे. पिळाचा जोर 9550 × 3.73 ÷ 500, म्हणजे सुमारे 71 न्यूटन-मीटर (9550 हा किलोवॅट आणि मिनिटाच्या फेऱ्यांवरून पीळ काढायचा ठरलेला आकडा). चावीची (पुली शाफ्टवर घट्ट धरणाऱ्या पट्टीची) खाच असलेल्या साध्या पोलादी शाफ्टला चौरस मिमीमागे 40 न्यूटनपर्यंत ताण देतात. नुसत्या पिळाला 21 मिमी व्यास पुरतो!

खरा घात पट्ट्याचा. 300 मिमीच्या पुलीवर पट्ट्याच्या दोन्ही बाजूंची ओढ मिळून 950 न्यूटन धरा. पुली बेअरिंगपासून 150 मिमी बाहेर असेल तर वाकवणारा जोर 142 न्यूटन-मीटर, पिळाच्या दुप्पट. झटक्यांसाठी वाक 2 ने आणि पीळ 1.5 ने गुणायचा, दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढायचं: 304 न्यूटन-मीटर. त्याच 40 न्यूटनच्या मर्यादेत व्यास येतो 33.8, घ्यायचा 35 मिमी. तीच पुली 75 मिमीवर सरकवली, तर 30 मिमीत भागतं. (ड्रमच्या वजनाचा वाक वेगळा मोजावा, मोठा निघाला तर तोच धरावा.)

पट्टा ओढतो एकाच दिशेला, पण शाफ्ट फिरतो. त्यामुळे त्याची प्रत्येक बाजू दर फेऱ्याला एकदा ताणली, एकदा दाबली जाते. आठ तासांत 2,40,000 वेळा. पट्टा घसरतो म्हणून तो आणखी आवळला, की हा वाक वाढतो.

भेग सुरू होते कोपऱ्यात. शाफ्टचा व्यास 40 वरून 35 मिमीवर उतरवताना लेथवाल्याने हत्यार काटकोनात थांबवलं, तर तिथे ताण एकवटतो. दोन-तीन मिमीची गोलाई ठेवायला सांगा, मात्र ती बेअरिंगच्या कडेला अडता कामा नये. 35 मिमीला चावी 10 × 8 मिमीची, खाच 5 मिमी खोल. खाच बेअरिंगच्या अलीकडेच संपवावी.

तुटलेला ईएन-8 चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) शाफ्ट वेल्डिंगने जोडणं मला पटत नाही. जोडालगतचं पोलाद कडक आणि ठिसूळ होतं आणि पुढची भेग तिथेच धरते. नवा टाकलेला परवडतो.

हंगामाआधी पुली उतरवा, शाफ्ट घासून पुसा, रॉकेल लावून थोडा वेळ ठेवा, कोरडा करा आणि खडूची पूड चोळा. पुडीत ओली रेघ उमटली, तर तो शाफ्ट चालवू नका.