डिस्क एक आणि वाटा दोन, की डिस्कच दोन?

"दोन सर्व्हर हवेत. एक गेला की दुसरा उठला पाहिजे, आणि एसएसडी दोघांत शेअर करायचाय." असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, डेटाची प्रत एक हवी की दोन? 'शेअर्ड' आणि 'रेप्लिकेटेड' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात.

शेअर्ड म्हणजे एकच डिस्क दोघांना जोडलेली. बाजारातला साधा एम.टू एनव्हीएमई (मदरबोर्डवर बसणारा छोटा, वेगवान एसएसडी) इथे कामाचा नाही, त्याला पोर्ट एकच. एसएएस (सर्व्हरमधल्या डिस्कचा एक प्रकार) किंवा ड्युअल-पोर्ट एनव्हीएमई लागतो. ड्युअल-पोर्ट एनव्हीएमईत चार पीसीआयई लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, दोन-दोन अशा वाटल्या जातात, म्हणजे एकेका सर्व्हरला निम्माच रस्ता. सर्व्हर गेला तर डेटा जागच्या जागी आहे. मिरर न केलेली, म्हणजे दुसऱ्या डिस्कवर प्रत नसलेली, डिस्क गेली तर दोघंही हात चोळत बसतात.

आणि इथली हमखास चूक म्हणजे तीच एक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टीम) दोन्हीकडे माउंट करणं, म्हणजे वापरासाठी जोडणं. एकीकडे फाइल बनवा, दुसरीकडे फाइलींची यादी दाखवणारं 'एलएस' मारा: फाइल दिसतच नाही. दुसऱ्या सर्व्हरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतल्या जुन्या प्रतीत, बघतोय. डिस्क बदलली हे त्याला कुणी सांगितलंय? थोड्या वेळाने तो तेच ब्लॉक रिकामे समजून भलत्याच फाइलला देतो, आणि फाइलसिस्टीमचा चिवडा होतो. खरोखर दोघांनाही लिहायचं असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ अशी अनेक सर्व्हरनी एकदम वापरायची फाइलसिस्टीम हवी. बहुतेकांना तशी गरजच नसते.

रेप्लिकेटेडमध्ये ज्याची त्याची डिस्क, मधे नेटवर्क. लिनक्सवर त्यासाठी डीआरबीडी आहे, २०१० साली कर्नल २.६.३३ मध्ये आलेलं. त्याच्या 'प्रोटोकॉल सी'त दोन्हीकडे लिहून झाल्याशिवाय ॲप्लिकेशनला "झालं" असं कळवत नाहीत. म्हणजे सेकंदाला ७ गीगाबाइटचा एसएसडी घेतलात, तरी १० गिगाबिटच्या केबलवर लिहिण्याचा वेग सेकंदाला १.२५ गीगाबाइटच्या वर जाणारच नाही. वाचन मात्र घरच्या डिस्कवरून, पूर्ण वेगाने. 'प्रोटोकॉल ए' समोरच्याचं लिहून होईपर्यंत थांबत नाही, पण सर्व्हर अचानक गेला तर शेवटचं थोडं लिखाण त्याच्याबरोबर जातं.

दोन सर्व्हरमधली केबल निघाली की दोघांनाही वाटतं, समोरचा मेला. शेअर्डमध्ये यातून डेटाची नासाडी, रेप्लिकेटेडमध्ये दोन वेगवेगळ्या 'खऱ्या' प्रती. म्हणून फेन्सिंग दोन्हीकडे लागतंच: आधी समोरच्याची वीज तोडायची, मगच ताबा घ्यायचा.

दोनच सर्व्हर असतील तर मी डीआरबीडी घेतो, मधे स्विच न घालता थेट २५ गिगाबिटची केबल. फेन्सिंगची वाट मात्र वेगळ्या केबलवरून. एकच असली आणि तीच निघाली, तर समोरच्याला बंद तरी कुठून करणार?