सुपरस्कोअर आणि स्कोअर चॉइस, दोन्ही एकच समजू नका

अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायचे दिवस आले की नातेवाइकांत, ओळखीपाळखीत एकच प्रश्न फिरायला लागतो, एसएटी (तिथल्या कॉलेजांसाठीची प्रवेश परीक्षा) तीनदा दिलीय आता कुठला स्कोअर पाठवू. आणि उत्तर देणारे निम्मे लोक सुपरस्कोअर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात स्कोअर चॉइस असतो, उरलेल्यांचं उलटं. मागच्या वर्षी माझी भाची याच गोंधळात अडकली, पुण्यात बारावीला होती, म्हणून तिचेच आकडे घेऊन सांगतो.

मार्चमध्ये तिला रीडिंग-रायटिंगला ६८० आणि मॅथला ७६०, म्हणजे एकूण १४४०. जूनला अंगात ताप असताना पेपर दिला, ६७० आणि ७३०, एकूण १४००. ऑगस्टला ७४० आणि ७१०, एकूण १४५०. तिनं सरळ हिशोब केला, सगळ्यात मोठा आकडा १४५०, तेवढा एकच पाठवू, बाकीचे कुणाला दिसायलाच नकोत. तीन कॉलेजांना तसा पाठवलाही. ही तिन्ही कॉलेजं सुपरस्कोअर करणारी होती. मार्चचा रिपोर्टही सोबत गेला असता तर त्यांनी मॅथचे ७६० मार्चमधून आणि रीडिंगचे ७४० ऑगस्टमधून घेतले असते, म्हणजे १५००. हातातले ५० मार्क तिनं स्वतःच झाकून ठेवले होते.

तर फरक असा आहे. स्कोअर चॉइस तुमच्या हातात असतो. परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड २००९ पासून ही सोय देतं, की कुठल्या तारखेचा स्कोअर पाठवायचा ते तुम्ही ठरवा. पण तारीख निवडायची म्हणजे ती अख्खी जाते, मार्चचं फक्त मॅथ पाठवतो आणि रीडिंग मागे ठेवतो असं चालत नाही, एका तारखेचं एक पाकीट धरा आणि ते फोडता येत नाही. सुपरस्कोअर हा कॉलेजनं त्यांच्या ऑफिसात बसून केलेला हिशोब. जी पाकिटं आली ती सगळी उघडायची आणि प्रत्येक विषयाचा सगळ्यात चांगला मार्क उचलून बेरीज करायची. जे पाकीट आलंच नाही त्यातलं ते काय उचलणार? म्हणून स्कोअर चॉइस डोळे मिटून वापरला की सुपरस्कोअर आपोआप मार खातो, आणि हे लोकांच्या लक्षातच येत नाही कारण दोन्ही नावं ऐकायला "चांगला तो धरा" अशीच वाटतात.

आपल्याकडच्या पोरांना हे जास्त अवघड जातं त्याचं कारण मला वाटतं जेईई मेन आहे. तिथे जानेवारी आणि एप्रिल अशी दोन सेशन्स दिली तर परीक्षा घेणारी संस्था एनटीए स्वतःच दोन्हीतला चांगला स्कोअर रँकसाठी धरते, तुम्हाला काही पाठवायचं नसतं, निवडायचं नसतं, आणि जानेवारीचं फिजिक्स एप्रिलच्या मॅथ्सला जोडणं वगैरे प्रकार नसतोच. त्या सवयीनं पोरं इथेही "बेस्ट एकूण" शोधतात. इथे बेस्ट एकूण बघायच्या आधी बेस्ट विषय कुठल्या तारखेला आलाय ते बघायचं.

भाचीच्या बाबतीत उत्तर होतं मार्च आणि ऑगस्ट दोन्ही पाठव, जून राहू दे. जूनमध्ये एकही विषय वरचढ नव्हता, मग तो पाठवून काही मिळणार नव्हतं. मार्चच्या रिपोर्टमध्ये ६८० दिसेल याची तिला फार धास्ती होती, पण सुपरस्कोअर करणारं कॉलेज ७४० च धरणार, त्या ६८० साठी ७६० लपवण्यात काय अर्थ आहे. डेडलाइनच्या आधी कळलं म्हणून मार्चचा रिपोर्ट त्या तिन्ही कॉलेजांना नंतर पाठवला, वेगळे पैसे भरून.

आता सगळी कॉलेजं सारखी नसतात. एमआयटी प्रत्येक सेक्शनचा सगळ्यात चांगला स्कोअर बघते. काही युनिव्हर्सिट्या एकाच दिवशीचा सगळ्यात मोठा एकूण स्कोअर बघतात, तिथे भाचीचे १४५० च खरे. आणि जॉर्जटाउनसारखी कॉलेजं आहेत जी स्कोअर चॉइस मानतच नाहीत, दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर मागतात. कॉलेज बोर्ड काही पहारा देत बसत नाही, सिस्टिम तुम्हाला एकच तारीख पाठवू देईल, पण कॉलेजनं सगळे मागितले असतील तर सगळेच पाठवायचे, यात माझ्या दृष्टीनं दुसरा विचार नाही, तो तापातला जूनचा पेपरसुद्धा. म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या अ‍ॅडमिशनच्या पानावर या वर्षीचा नियम स्वतः वाचा, दोन वर्षांपूर्वी दादाला काय सांगितलं होतं त्यावर जाऊ नका, नियम बदलतात.

एसएटीसारखीच दुसरी परीक्षा, एसीटी, दिली असेल तर तिथे एक सोय जास्त आहे, एसीटीवाले वेगवेगळ्या तारखांचे चांगले विषय धरून सुपरस्कोअर स्वतःच काढून देतात आणि तो पाठवताही येतो, कॉलेज बोर्ड एसएटीसाठी तसं करत नाही. पण एसएटीचं मॅथ आणि एसीटीचं इंग्लिश असं मिसळून कुणी जोडत नाही.

अजून एक ठिकाण जिथे पैसे वाचवायला जाऊन लोक फसतात. एसएटीला रजिस्टर केलं की चार रिपोर्ट फुकट पाठवता येतात, पण परीक्षेनंतर नऊ दिवसांच्या आत कॉलेज निवडलं तरच, आणि तेव्हा रिझल्ट आलेला नसतो. म्हणजे किती पडलेत ते न बघताच पाठवून मोकळं व्हायचं, मग स्कोअर चॉइसला अर्थच राहत नाही. भारतातून एकदा एसएटी द्यायला शंभर डॉलरच्या वर जातात त्यामुळे फुकटचं सोडवत नाही हे मला पूर्ण कळतं, तरी जिथे सगळे स्कोअर मागतातच अशा कॉलेजसाठीच ते वापरा. बऱ्याच कॉलेजांना अर्जाच्या वेळी स्वतः लिहिलेले स्कोअर चालतात, ऑफिशियल रिपोर्ट अ‍ॅडमिशन मिळाल्यावर मागतात, बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या कॉमन अ‍ॅपमध्ये तर प्रत्येक सेक्शनचा सगळ्यात चांगला स्कोअर आणि त्याची तारीख वेगवेगळीच विचारतात, म्हणजे तिथे ७४० ऑगस्ट आणि ७६० मार्च असं सरळ लिहिता येतं.

स्कोअर पाठवायचाच का हा प्रश्न वेगळा. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीची कॅम्पसेस, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे, अ‍ॅडमिशनसाठी एसएटी बघतच नाहीत, तिथे १६०० पैकी १६०० असले तरी उपयोग नाही. एमआयटीनं २०२२ मध्ये आणि डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये टेस्ट परत सक्तीची केल्याचं जाहीर केलं, तिथे चॉइस फक्त तारखेचा. टेस्ट-ऑप्शनल, म्हणजे स्कोअर पाठवणं सक्तीचं नसलेलं कॉलेज असेल तर त्यांनी छापलेली मधल्या ५० टक्के विद्यार्थ्यांची रेंज काढा आणि तिच्याशी तुमचा सुपरस्कोअर ताडून बघा. एकाच दिवशीचा आकडा घेऊन बघू नका, कारण सुपरस्कोअर करणाऱ्या कॉलेजात तुलना १५०० ची होणार आहे, १४५० ची नाही. भाचीच्या यादीतल्या एका कॉलेजची रेंज १४८० पासून सुरू होत होती. १४५० बघून ती तिथे स्कोअर न पाठवताच अर्ज करणार होती, १५०० कळल्यावर पाठवला.