सोयाबीनला युरिया टाकायच्या आधी झाडाची मुळं काढून बघा

(आमच्याकडून रायझोबियमची बाटली नेणाऱ्या शेतकरी भावा-बहिणींसाठी)

राम राम मंडळी. जुलै सरत आला की दुकानात एकच प्रश्न येतो, सोयाबीन पिवळं पडायलंय, युरिया किती टाकू? काउंटरवर गर्दी असते, नीट बोलणं होत नाही, म्हणून हा कागद छापलाय. बाटलीसोबत घरी न्या आणि निवांत वाचा.

आपल्या रानावरच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच म्हणजे नत्रच आहे, पण कोणत्याच झाडाला तो तसाच्या तसा खाता येत नाही, तो फोडून देणं काही जिवाणूंनाच जमतं आणि रायझोबियमच्या बाटलीत आहेत ते हेच जिवाणू. लोकांना वाटतं बियाण्याला बाटली लावली की जिवाणू मुळांवर आपोआप गाठी करतात. तसं नाही. गाठ बांधतं ते झाड, त्याच्या स्वतःच्या जीन्सवर, म्हणजे बियाण्यातूनच आलेल्या आनुवंशिक सूचनांवर. जिवाणू त्या घरात राहायला येतो.

होतं असं की मातीत नत्र कमी पडलं की सोयाबीनचं मूळ फ्लॅवोनॉइड नावाचं द्रव्य बाहेर सोडतं. जवळपास आपला जिवाणू असला तर तो ते ओळखतो आणि उलट आपली खूण पाठवतो. मुळाच्या बारीक केसांवर दोन प्रथिनं राखणीला बसलेली असतात, ती बनवणाऱ्या जीन्सला एनएफआर१ आणि एनएफआर५ म्हणतात, त्यांना खूण पटली तरच केस वळतो, जिवाणूला आत घेतो, मग निन नावाचा जीन चालू होतो आणि गाठ धरायला लागते. हरभऱ्याचं कल्चर, म्हणजे हरभऱ्याच्या जिवाणूंची बाटली, सोयाबीनला कामून चालत नाही याचं उत्तर इथंच आहे, खूणच वेगळी. एनएफआर१ बिघडलेलं सोयाबीन पण शास्त्रज्ञांकडं आहे, त्याला चांगलं कल्चर लावलं तरी मुळं जवळपास मोकळीच राहतात.

गाठ चालू आहे का बंद हे रंगावरून कळतं. नखानं फोडा किंवा ब्लेडनं कापा, आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालूय. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद, आणि तो बनवणारा जीन झाडाचा. नत्र फोडणारं जिवाणूचं एन्झाइम ऑक्सिजन लागला की खराब होतं, पण जिवाणूला जगायला तर ऑक्सिजन पाहिजेच, मग हे लाल प्रथिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि त्याला मोजून मोजून देतं. मला स्वतःला हे इतकं आवडतं की गिऱ्हाईक आलं की मी गाठ कापून दाखवतोच.

आता युरियाचं. गाठी फुकट चालत नाहीत, झाड पानात तयार केलेली साखर खाली पाठवतं तेव्हा जिवाणू जगतात. म्हणून झाडानं ब्रेक ठेवलाय, मुळाचा निरोप वर जातो, पानातला एनएआरके नावाचा जीन तो घेतो आणि पुरे झाल्या गाठी असा निरोप खाली येतो. हा जीन बिघडला तर मुळं गाठींनी गच्च भरतात पण झाड खुजं राहतं. मातीत आयतं नत्र दिसलं की पण ब्रेक लागतो, म्हणजे तुम्ही युरियाची बॅग फोडली की झाड म्हणतं गाठींना साखर कशाला घालू. सोयाबीनला परभणीच्या विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्राची आहे, ती पण पेरतानाच, म्हणजे एकरी १२ किलो. त्यातलं ९ किलो तर डीएपीच्या एका बॅगेतच येतं. युरियाच्या ४५ किलोच्या एका बॅगेत जवळपास २१ किलो असतं, आता तुम्हीच हिशोब लावा.

आमच्याकडून झालेली एक चूक पण सांगतो. एका शेतकऱ्याच्या रानात एक पण गाठ आली नव्हती. विचारल्यावर कळलं, बाटली दुपारभर उन्हात ट्रॅक्टरवर पडून होती, जिवाणू मेलेले. देताना आम्ही सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. तवापासून बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून देतो, घरी गेल्यावर ती गार सावलीत ठेवा. लावताना आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम, किलोला १० मिली. सोयाबीनचं टरफल लई नाजूक असतं, जोरानं चोळू नका, ताडपत्रीवर हलक्या हातानं खालीवर करा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

कापूस, ज्वारी, गहू यांना अशा गाठी येत नाहीत, पण कमी नत्रात भागवायचे जीन्स त्यांच्यातही आहेत. ज्वारीच्या मुळातून सोर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य निघतं, त्यानं मातीतल्या अमोनियमचं नायट्रेट, म्हणजे पाण्यासोबत सहज वाहून जाणारं नत्र, होणं मंदावतं आणि नत्र वाहून जायचं कमी होतं. भाताचा टीसीपी१९ नावाचा जीन २०२१ मध्ये समोर आला, कमी नत्रात पण फुटवे धरायला लावणारं त्याचं रूप जंगली भातात भरपूर दिसतं आणि जिथं खत भरपूर पडतं तिथल्या नव्या वाणांतून मात्र जवळपास गेलेलं आहे. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. असं बियाणं तुमच्याकडं आहे का विचाराल तर नाही. कोणी गावात येऊन युरिया न लागणाऱ्या जीनचं बियाणं म्हणून पिशवी विकायला लागला तर घेऊ नका. आपल्याकडं जीएममध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जीन बदललेल्या बियाण्यात, शेतकऱ्याच्या रानात मान्यतेनं पेरलं जातं ते बीटी कापूस, आणि त्यातला जीन बोंडअळीसाठी आहे, नत्रासाठी नाही.

आता पिवळ्या सोयाबीनचं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, त्यामुळं खालची पानं आधी पिवळी होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती बहुतेक लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात हे लई दिसतं, तिथं युरिया टाकून काही होत नाही.

पेरून ३५ दिवस झाले की चार ठिकाणची चार झाडं खुरप्यानं मातीसकट काढा, ओढून काढली तर गाठी मातीतच राहतात. बादलीत पाण्यात हलवून धुवा आणि गाठी कापा. आतून पांढऱ्या किंवा हिरवट निघाल्या, नाहीतर गाठीच नसल्या, तर झाडं ओल्या गोणपाटात गुंडाळून दुकानात घेऊन या. बघायचे पैसे आम्ही घेत नाही, आणि तोवर युरिया टाकू नका.