चांदीच्या नॅनोतारांची पारदर्शक वाहक पटले : टिकाऊपणा

काचेवर किंवा पॉलिएस्टरच्या फिल्मवर चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचे विरळ जाळे पसरून केलेला, आरपार दिसणारा आणि वीज वाहणारा थर. तारा साधारणतः २० ते १०० नॅनोमीटर जाड व १० ते ५० मायक्रोमीटर लांब असतात. सुमारे ९० टक्के पारदर्शकता राखून १० ते ५० ओहम प्रति चौरस इतका पृष्ठरोध (थराच्या चौरस तुकड्याचा विद्युतरोध) मिळतो. स्पर्शपडदे व पारदर्शक हीटर हे मुख्य उपयोग. नेहमीच्या पडद्यांत वापरला जाणारा इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक वाहक थर वाकवला की तडकतो, हे पटल वाकते. मात्र उघड्या हवेत ते फार तग धरत नाही. ग्रामीण विदर्भात मे महिन्यात पारा ४५° से.च्या पुढे जातो, मागोमाग दमट पावसाळा येतो आणि शेतातल्या यंत्राला गोठ्याचा शेजार असतो. तिथे संरक्षणाची निवड जास्त काटेकोरपणे करावी लागते.

चांदीला ऑक्सिजनपेक्षा गंधकाचा त्रास अधिक. हायड्रोजन सल्फाइड व कार्बोनिल सल्फाइड हे वायू ओलाव्याच्या साथीने तिच्यावर काळे सिल्व्हर सल्फाइड तयार करतात. जोडवी काळवंडतात ती यामुळेच, पण ती घासली की उजळतात. ३० नॅनोमीटर जाड तारेची चहूबाजूंनी ५ नॅनोमीटर चांदी खर्ची पडली, तर गाभा २० नॅनोमीटरचा उरतो आणि वाहक छेद ४४ टक्क्यांवर येतो. पुढे तार तुटते. गोबरगॅस संयंत्र व शेणखताचा खड्डा यांतून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. मूग-उडदावरच्या भुरीसाठी फवारलेले गंधक पेटीच्या फटींत बसते. म्हणून पंपाच्या नियंत्रण पेटीवर असा पडदा असेल, तर ती गोठ्याच्या भिंतीला लावू नये. याहून स्वस्त उपाय नाही. पेटीचे गॅस्केट (झाकणाची सील-पट्टी) ही पाहावे. गंधकाने व्हल्कनाइझ केलेले, म्हणजे गंधक घालून घट्ट केलेले, रबर स्वतःच गंधक सोडते, तिथे सिलिकोन वापरावे.

चांदी ९६२° से.च्या सुमारास वितळते, पण इतक्या बारीक तारा २०० ते ३०० अंशांतच गोलसर तुकड्यांत तुटतात. उन्हातली पेटी तेवढी तापत नाही. उष्णतेने गंधकाची अभिक्रिया मात्र वेग घेते. जास्त प्रवाहाने तारांचे सांधे तापून तुटणे ही हीटरची अडचण, स्पर्शपडद्यात ती किरकोळ.

तारांभोवती निर्मितीतून पॉलिव्हिनिल पायरोलिडोन या बहुवारिकाचा (प्लास्टिकसारख्या लांब साखळीच्या पदार्थाचा) वेढा उरतो. तो सांध्यांत रोध वाढवतो आणि ओलावाही ओढतो. काचेवर वा फिल्मवर पसरायची शाई (तारा मिसळलेला द्रव) करण्यापूर्वी तारा इथेनॉलने दोन-तीनदा धुतात. अति धुतल्यास तारांच्या गुठळ्या होतात. पटल सुकल्यावर पॉलिएस्टरवर १२०° से.ला १० ते १५ मिनिटे तापवून किंवा रोलरखाली दाबून सांधे पक्के करतात; काचेवर २०० अंशांच्या जवळ जाता येते. सांधे जुळण्याआधी संरक्षक लेप दिला तर तो फटीत शिरून रोध वाढवू शकतो.

लेपांत अणुथर निक्षेपणाने (वायूतून एकेक अणुथर चढवण्याच्या पद्धतीने) दिलेला ॲल्युमिना किंवा झिंक ऑक्साइडचा १० ते ३० नॅनोमीटर थर सर्वांत घट्ट बसतो, पण त्याला निर्वात यंत्र लागते आणि काम संथ चालते. अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा ॲक्रिलिक लेप स्वस्त पडतो. त्यात बेन्झोट्रायाझोलसारखा गंजरोधक मिसळता येतो. हा लेप जाड झाला तर इलेक्ट्रोडचा संपर्क जातो, पातळ झाला तर छिद्रे राहतात. पेडॉट-पीएसएस हा वाहक बहुवारिक सोयीचा वाटतो, पण आम्लधर्मी असल्याने उदासीन न करता वापरल्यास कालांतराने तारांनाच खातो.

लेप चांगला असूनही पटल बहुधा कडेकडून बिघडते. कडेची २ ते ३ मिलिमीटर पट्टी तारांविना मोकळी ठेवून सीलबंद करावी. वरची काच चिकटवायला आम्लमुक्त पारदर्शक डिंकच घ्यावा. पडद्याच्या काळ्या चौकटीलगत, जिथे ऊन आणि सावलीची सीमा असते, तिथे प्रकाशाने तारा लवकर खराब होतात. त्यासाठी डिंकात अतिनील शोषक असावा.

८५° से. व ८५ टक्के आर्द्रतेत शेकडो तास ठेवण्याची प्रचलित चाचणी उपयोगी आहे, पण तिच्यात गंधक नसते. गोठ्याजवळ वापरायचे पटल बंद पात्रात दमट हवा व गंधकाची भुकटी यांसह ५०° से.ला वेगळे तपासावे. नजरेवर विसंबू नये: पटल स्वच्छ दिसत असतानाही रोध वाढलेला असतो. चार टोकांच्या (चार सुया टेकवून रोध मोजणाऱ्या) मापकाने मोजून १० ते २० टक्के वाढ झाली की नमुना बाद धरतात.

तांब्याच्या नॅनोतारा स्वस्त, पण त्यांचे ऑक्सिडीकरण याहून लवकर होते. निकेलचे आवरण दिल्यास त्या बऱ्याच टिकतात.