काळ्या बायकांकडे मागितलेला चारित्र्याचा दाखला

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात बसमध्ये गोऱ्या प्रवाशाला जागा द्यायला काळ्या रोझा पार्क्स सीटवरून उठल्या नाहीत, ही १ डिसेंबर १९५५ ची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असते. पण त्याच शहरात नऊ महिने आधी, २ मार्चला, क्लॉडेट कोल्विन नावाची १५ वर्षांची शाळकरी मुलगी अशीच बसून राहिली होती. पोलिसांनी तिला ओढत खाली उतरवलं, बेड्या घातल्या आणि गाडीतून नेताना ते तिच्या ब्राचा साइज किती असेल याचे अंदाज बांधत होते, हे तिनेच पुढे सांगितलंय. पार्क्सच्या अटकेनंतर काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला, तिच्यासाठी मात्र तो पडला नाही. असं का, हे शोधायला गेलं की पार सतराव्या शतकापर्यंत मागे जावं लागतं.

आधी शब्दाचं सांगते. इंग्रजीत ज्याला रिस्पेक्टेबिलिटी म्हणतात त्याला आपला घरंदाजपणा हा शब्द मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणजे कपडे, बोलणं, कुणाबरोबर दिसणं, लग्न झालंय की नाही, सगळं त्यात आलं. इतिहासकार एव्हलिन ब्रूक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ मध्ये काळ्या बाप्टिस्ट बायकांच्या चळवळीवर लिहिताना ‘पॉलिटिक्स ऑफ रिस्पेक्टेबिलिटी’, म्हणजे घरंदाजपणाचं राजकारण, असं म्हटलं आणि ते रुळलं. आजकाल हे शब्द बऱ्याचदा आरोपासारखे वापरले जातात, की जुन्या पिढीतल्या काळ्या पुढारी बायका सोवळ्या होत्या, त्यांनी बाकीच्यांच्या शरीरावर पहारा बसवला. पहारा होता, ते खरंच आहे, पण चारित्र्याचा दाखला आधी मागितला कुणी हे न बघता त्या बायकांवर बोट ठेवणं मला पटत नाही.

व्हर्जिनिया वसाहतीत १६६२ साली कायदा झाला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरणार. इंग्लंडच्या रिवाजात मूल बापाच्या बाजूने मोजलं जायचं, इथे मुद्दाम उलटं केलं. त्यामुळे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली आणि तिला मूल झालं तर त्याच्यावर बाप म्हणून काहीच जबाबदारी नाही, उलट त्याच्या मालमत्तेत एका जिवाची भर. पुढे १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणायला बंदी आली तेव्हा तर या बायकांची बाळंतपणं हाच पुरवठा झाला, गुराढोरांची पैदास मोजावी तशी मोजली गेली. आणि रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या माणसाला हे सगळं पचवायचं तर एक गोष्ट रचणं भाग होतं, की या बायकांच्या अंगातच वासना असते, त्याच पुरुषाला भुलवतात. बायबलमधल्या राणीवरून त्या प्रतिमेला जेझबेल नाव पडलं. गोऱ्या बाईला देव्हाऱ्यात बसवलं आणि काळ्या बाईला जेझबेल केलं, दोन्ही एकाच हाताने.

हे कायद्यात कसं उतरलं ते सीलिया या गुलाम मुलीच्या खटल्यात दिसतं. मिसुरी राज्यात रॉबर्ट न्यूसम नावाच्या विधुर शेतकऱ्याने तिला साधारण १८५० मध्ये विकत घेतलं तेव्हा ती १४ एक वर्षांची होती, आणि तिच्यावरचा बलात्कार घरी आणताना वाटेतच सुरू झाला. पाच वर्षं हे चाललं. जून १८५५ मध्ये, पोटात मूल असताना, तिने त्याला सांगून बघितलं, तो ऐकेना, रात्री तिच्या खोपटात आला तेव्हा तिने काठीने त्याला ठार मारलं. मिसुरीत १८४५ चा कायदा होता की ‘कोणत्याही स्त्री’वर जबरदस्ती करणं गुन्हा आहे, वकिलांनी तोच आधार घेतला की मग तिला स्वतःला वाचवायचा हक्क होता. न्यायाधीशाने ज्युरीला तसा विचारही करू दिला नाही. कोणत्याही स्त्रीमध्ये सीलिया बसत नव्हती. २१ डिसेंबर १८५५ ला तिला फाशी दिली.

युरोपात तेव्हा विज्ञानही याच कामाला लागलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सारा बार्टमन या खोइखोई जमातीच्या बाईला १८१० पासून लंडनमध्ये आणि मग पॅरिसमध्ये तिच्या शरीराच्या ठेवणीसाठी तिकीट लावून दाखवलं, १८१५ मध्ये ती वारली तर क्युव्हिए या नावाजलेल्या शास्त्रज्ञाने तिचं शरीर कापलं, आणि तिचे अवशेष १९७० च्या दशकापर्यंत पॅरिसच्या म्युझियममध्ये मांडलेले होते. तिच्या मातीत तिला २००२ मध्ये पुरलं.

गुलामी १८६५ मध्ये गेली, पण नजर कुठे जाते. १८६६ मध्ये मेम्फिसमध्ये गोऱ्या जमावाने काळ्या वस्त्यांवर हल्ला केला, त्यानंतर अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, समितीसमोर काळ्या बायकांनी उभं राहून आपल्यावरच्या बलात्कारांची साक्ष दिली, केवढं धाडस ते. त्यातली एक होती फ्रान्सिस थॉम्पसन. दहा वर्षांनी, १८७६ मध्ये, तिचं शरीर पुरुषाचं आहे आणि ती बाईच्या वेषात राहते म्हणून तिला अटक झाली, आणि वर्तमानपत्रांनी लगेच सांगायला सुरुवात केली की बघा, १८६६ च्या साक्षी सगळ्याच खोट्या. एकीच्या राहणीवरून सगळ्याजणींचं दुःख बाद केलं.

आपल्याला लेडीज डबा माहीत आहे. टेनेसीत १८८४ मध्ये इडा बी. वेल्स ही तरुण शिक्षिका फर्स्ट क्लासचं तिकीट काढून लेडीज डब्यात बसली, कंडक्टरने दुसऱ्या डब्यात जायला सांगितलं, ती हलेना, ओढायला लागला तर ती त्याच्या हाताला चावली. कोर्टाने तिला ५०० डॉलर भरपाई दिली आणि १८८७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला. शिकलेली, नीटनेटकी, तिकीट हातात असलेली, तरी लेडी नाही. लेडी हा शब्दच गोरा होता.

मग १८९५ साल. जमावाकडून होणाऱ्या काळ्यांच्या हत्यांविरुद्ध वेल्स जे काम करत होती त्याला पाठिंबा देणाऱ्या एका इंग्लिश कार्यकर्तीला मिसुरीच्या पत्रकार संघटनेचा अध्यक्ष जॅक्स याने पत्र लिहिलं, की काळ्या बायका सगळ्या वेश्या, खोटारड्या आणि चोर असतात. ते पत्र हातोहात फिरलं आणि बॉस्टनमध्ये जोसेफिन सेंट पिएर रफिन यांनी देशभरातल्या काळ्या बायकांना बोलावून परिषद घेतली. त्यातूनच १८९६ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन उभी राहिली, अध्यक्ष मेरी चर्च टेरेल, आणि ब्रीदवाक्य साधारण असं की आपण वर चढताना बाकीच्यांनाही वर घेऊ. हे वाक्य वाचताना मला दरवेळी दोन्ही गोष्टी दिसतात, प्रेमही, आणि कोण वर आहे नि कोण खाली हे आधीच ठरवून ठेवलेलंही.

त्यांचं काम खरंखुरं होतं हो. पाळणाघरं, बालवाड्या, म्हाताऱ्यांसाठी घरं. न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टोरिया अर्ल मॅथ्यूज यांनी १८९७ मध्ये व्हाइट रोझ मिशन काढलं, दक्षिणेतून एकट्या येणाऱ्या मुलींना त्यांच्या बायका धक्क्यावरच गाठायच्या, कारण नोकरीचं आमिष दाखवून कुंटणखान्यात नेणारे दलालही तिथेच उभे असायचे. वॉशिंग्टनमध्ये नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये मुलींची शाळा काढली, तिचं सूत्र बायबल, आंघोळ आणि झाडू. धुणीभांडी करणाऱ्या मुलीला तिच्या कामाचं शिक्षण आणि मान दोन्ही मिळावं असं बरोज यांना मनापासून वाटायचं, आणि लक्षात घ्या, या मुली गोऱ्यांच्या घरात काम करायच्या, मालकाने हात टाकला तर पोलिसात जाऊन उपयोग नव्हता, ताठ कणा आणि गळ्यापर्यंत बटणं एवढंच संरक्षण हाताशी होतं.

पण मग शिकागोत अर्बन लीग या शहरातल्या काळ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची पत्रकं निघाली, दक्षिणेतून नव्याने आलेल्या बायकांसाठी, की डोक्याला फडकं बांधून, घरातले कपडे नि चपला घालून रस्त्यावर येऊ नका. आपल्याकडे गाऊनवर ओढणी टाकून दुकानात गेलेल्या बाईला चाळीत जे ऐकावं लागतं तेच, फक्त इथे धमकी मोठी होती, तुझ्या एकटीच्या फडक्यामुळे अख्खी जात बदनाम होईल. इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी १९८९ मध्ये लिहिलं की बलात्काराच्या भीतीतून काळ्या बायकांनी वरवर मनमोकळं वागायचं आणि आतलं काहीच कुणाच्या हाती लागू द्यायचं नाही अशी एक रीतच तयार केली, आणि दक्षिण सोडून उत्तरेकडे जाण्यामागेही ही भीती होती. दुःखाबरोबर मग इच्छाही कुलपात गेली. शरीराचं सुख हा विषयच राहिला नाही, बोलायचं तर अब्रूबद्दल.

कुलूप उघडलं ते ब्लूज हा काळ्यांचा गाण्याचा प्रकार गाणाऱ्या बायकांनी. मा रेनी, बेसी स्मिथ या गायिका असोसिएशनवाल्या बायकांच्या बैठकीत कधी बसल्या नसत्या. काळ्यांच्याच मालकीच्या ब्लॅक स्वान या रेकॉर्ड कंपनीने बेसीला फार रांगडी म्हणून नाकारलं, १९२३ मध्ये कोलंबियाने तिला घेतलं आणि रेकॉर्ड धडाधड खपल्या. नवरा मारतो, प्रियकर सोडून गेला, मला कोण आवडतं, रात्री काय हवं, सगळं त्या उघड गायच्या. मा रेनीच्या १९२८ च्या एका रेकॉर्डच्या जाहिरातीत पुरुषी कोट नि हॅट घातलेली बाई रस्त्यात दोन तरुणींशी बोलतेय आणि पलीकडून पोलीस बघतोय असं चित्र आहे, वर्तमानपत्रात छापलेलं, जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी.

इथे आपल्याकडचा एक खराखुरा धागा आहे, पुण्यात येरवड्याला वाढलेल्या आणि आता अमेरिकेत सिनसिनाटीला शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांचा. तमाशातल्या दलित बायकांवर त्यांनी काम केलंय, अश्लील कुणाला म्हणायचं आणि माणुसकी कुणाला मिळते हे जातीवरून कसं ठरतं यावर, आणि काळ्या स्त्रीवाद्यांच्या लिखाणाशी त्यांचा जवळचा संवाद आहे. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. हा विषय समजून घ्यायचा असेल तर त्यांना वाचावं, इथे दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही.

परत अलाबामाकडे. ३ सप्टेंबर १९४४ ला अ‍ॅबव्हिल गावात रीसी टेलर ही २४ वर्षांची विवाहित बाई रात्री चर्चमधून चालत घरी येत होती, तिला बंदुकीच्या धाकाने गाडीत घालून सहा गोऱ्या तरुणांनी बलात्कार केला. एकाने कबुलीही दिली होती. तरी दोनदा सगळ्या गोऱ्या ग्रँड ज्युरीने खटला उभा राहू दिला नाही आणि शेरिफने सांगितलं की ही तसलीच बाई आहे. चौकशीला माँटगोमेरीहून एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने पाठवलं ते रोझा पार्क्सना. म्हणजे ‘थकलेली शिंपीण’ म्हणून जिची ओळख करून दिली जाते ती बाई त्याच्या अकरा वर्षं आधीपासून बलात्काराच्या केसेसवर काम करत होती. मोहिमेत टेलर पत्नी आहे, आई आहे, चर्चला जाणारी आहे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि एवढं सांगूनही काही झालं नाही. अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली २०११ मध्ये.

हे सगळं माँटगोमेरीच्या पुढाऱ्यांनी बघितलेलं होतं. त्यांच्यासमोर आता कोल्विनची केस होती. गरीब वस्तीतली, रंगाने जास्त काळी, बसमध्ये गप्प न बसता ओरडून हक्क सांगणारी, केस सरळ करणं बंद करून तसेच शाळेत जाणारी. तोंडाळ आहे, कमी वयाची आहे, असं आधीच बोललं जात होतं आणि त्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले, लग्नाशिवाय. गोरी वर्तमानपत्रं काय करतील हे सगळ्यांना दिसत होतं. ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथ या १८ वर्षांच्या मुलीला अशीच अटक झाली, तिचा बाप दारू पितो अशी अफवा होती, तीही मागे पडली. मग डिसेंबरमध्ये पार्क्स, ४२ वर्षांच्या, विवाहित, शांत, चष्मा, कोट. डावपेच म्हणून तो बरोबर होता असं मला वाटतं. पण तो एका पोटुशी मुलीच्या जिवावर बरोबर होता, हेही लिहिलंच पाहिजे. बसमधला वर्णभेद ज्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ खटल्याने कायद्याने संपवला त्यात ज्या चौघी फिर्यादी होत्या त्यांत पार्क्स नव्हत्या, कोल्विन आणि मेरी लुईस स्मिथ मात्र होत्या. मार्च १९५६ मध्ये कोल्विनला मुलगा झाला आणि मे महिन्यात तिने कोर्टात साक्ष दिली.

सरकारची नजर तर घराच्या आत होती. अलाबामातच मिसेस सिल्व्हेस्टर स्मिथ नावाची विधवा, चार मुलं, पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत स्वयंपाकी नि वेट्रेसचं काम, आठवड्याला १६ ते २० डॉलर. शनिवार-रविवारी एक पुरुष तिच्याकडे येतो म्हणून १९६६ मध्ये मुलांची सरकारी मदत बंद केली, नियम असा की असा पुरुष म्हणजे मुलांचा ‘बदली बाप’. या नियमाने राज्यात सुमारे १६,००० मुलं मदतीतून बाहेर पडली. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो एकमताने रद्द केला. आईच्या वागण्याची शिक्षा म्हणून मुलांचं जेवण तोडता येणार नाही, एवढं सांगायला देशाच्या सर्वोच्च कोर्टापर्यंत जावं लागलं.

बदल दिसला तो जोन लिटलच्या खटल्यात. नॉर्थ कॅरोलिनात घरफोडीसाठी तुरुंगात असलेली २० वर्षांची मुलगी, ऑगस्ट १९७४ मध्ये जबरदस्ती करणाऱ्या जेलरला तिने बर्फ फोडायच्या टोच्याने ठार मारलं. सरकारी वकिलांनी तीच जुनी जेझबेलची गोष्ट सांगितली, तिनेच त्याला भुलवलं. यावेळी तिच्या बाजूने उभ्या राहिलेल्यांनी ती सती-सावित्री आहे असं सिद्ध करायचा प्रयत्न सोडून दिला, तिला स्वतःला वाचवायचा हक्क आहे एवढंच धरलं, आणि १९७५ मध्ये ज्युरीने सव्वा तासाच्या आसपास विचार करून तिला निर्दोष सोडलं. सीलियाला जे १२० वर्षांपूर्वी नाकारलं होतं ते तिला मिळालं. डेट्रॉइटमध्ये तिच्यासाठी बचाव समिती उभी करणाऱ्यांत रोझा पार्क्स होत्या.

नंतरही प्रश्न मिटला नाहीच. १९९१ मध्ये अनिता हिल यांनी, सुप्रीम कोर्टावर नेमले जात असलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्याविरुद्ध, सिनेटसमोर लैंगिक छळाची साक्ष दिली, त्या वकील, प्राध्यापक, निळ्या सुटात, आवाज न चढवता बोलणाऱ्या, तरी त्यांच्यावर नको ते शिंतोडे उडाले. तेव्हा १,६०३ काळ्या बायकांनी आपापली नावं देऊन न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात छापली.

कोल्विन १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, तिथे एका नर्सिंग होममध्ये ३५ वर्षं आया म्हणून काम केलं. १९५५ च्या खटल्यात पोलिसांवर हल्ला केल्याचा शिक्का त्यांच्या नावावर कायम राहिला होता, प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली राहायची मुदत, संपलं असं त्यांना कुणी कधी कळवलंच नाही, त्यामुळे त्या माँटगोमेरीला आल्या की घरच्यांच्या जिवात जीव नसायचा. २०२१ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी स्वतः कोर्टात अर्ज केला आणि तिथल्या बाल न्यायालयाने ती नोंद पुसायचा आदेश दिला.