सामुदायिक सेवासंस्था (ग्रामीण विदर्भ)

गावकऱ्यांची वर्गणी, श्रमदान आणि बाहेरून मिळणाऱ्या देणग्या यांवर चालणाऱ्या, नफ्याचा हेतू नसलेल्या आणि एखाद्या गावाच्या किंवा तालुक्याच्या सेवेसाठी स्थापन झालेल्या संस्थेला सामुदायिक सेवासंस्था म्हणतात. ग्रामीण विदर्भात अशा संस्थांचे काम मुख्यतः लोकांचे आरोग्य आणि तरुणांची घडण या दोन क्षेत्रांत झाले आहे. कागदावर ही क्षेत्रे वेगळी असली, तरी कामात ती एकमेकांत मिसळलेली असतात; कारण घरोघरी जाऊन बाळाचे वजन करणारी, ताप आलेल्याचे रक्त तपासणीसाठी घेणारी किंवा दारूबंदीसाठी ग्रामसभा बोलावणारी व्यक्ती बहुधा त्याच गावातील आणि संस्थेनेच शिकवलेली तरुणी किंवा तरुण असतो.

विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत आरोग्याचे प्रश्न एकसारखे नाहीत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या धानाच्या व जंगलाच्या पट्ट्यात हिवताप, हत्तीरोग, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि सर्पदंश हे जुने प्रश्न आहेत. यवतमाळ, अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात कर्जबाजारीपणातून येणारे नैराश्य, आत्महत्या आणि फवारणीतून होणारी विषबाधा ठळक आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या शेतकरी-शेतमजुरांच्या मृत्यूंनी या प्रश्नाकडे राज्याचे लक्ष वेधले. मेळघाटात, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत, कुपोषण आणि बालमृत्यू हा कित्येक दशकांचा विषय आहे. त्यामुळे एका जिल्ह्यात यशस्वी झालेली पद्धत दुसऱ्या जिल्ह्यात जशीच्या तशी चालेलच असे नाही.

पूर्वपीठिका. या कामाची मुळे स्वातंत्र्यपूर्व काळात आहेत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली. गावोगावच्या आखाड्यांना आणि व्यायामशाळांना या मंडळातून शिक्षक मिळत राहिले. गाडगेबाबांनी हाती खराटा घेऊन केलेली ग्रामसफाई आणि तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारून गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमार्फत रुजवलेली सामुदायिक प्रार्थना, सफाई व व्यसनमुक्ती यांतून गावातील तरुणांनी एकत्र येऊन गावाचे काम करण्याची सवय लागली. आजही अनेक खेड्यांत एखाद्या नव्या आरोग्य उपक्रमाला पहिली माणसे मिळतात ती या मंडळांतूनच. रुग्णसेवेची परंपरा मात्र प्रथम कुष्ठरोगाभोवती वाढली. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये, अमरावतीत तपोवन येथे शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये आणि त्यानंतर वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना उपचारांबरोबर कामही दिले. आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या श्रमसंस्कार छावणीत महाराष्ट्रभरातील तरुण मे महिन्याच्या उन्हात कुदळ-फावडे घेऊन राबत आले आहेत. पुढे सेवासंस्था काढणाऱ्या अनेकांची पहिली ओळख या कामाशी तेथेच झाली.

ज्वारीची वर्गणी. सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वाढलेल्या कस्तुरबा रुग्णालयाला जोडून १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. ग्रामीण भागासाठी काढलेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू यांनी परिसरातील खेड्यांमध्ये आरोग्य विम्याची एक योजना उभी केली. तिची वर्गणी पैशात न घेता सुगीच्या वेळी ज्वारीत घेतली जाई, कारण त्या काळात शेतमजुराच्या घरीही काही ज्वारी असे, रोख पैसा मात्र क्वचितच असे. भूमिहीनाने कमी आणि जमीनधारकाने जमिनीच्या प्रमाणात अधिक धान्य द्यायचे. गावातील बहुसंख्य कुटुंबे सामील झाल्याशिवाय गावाला योजनेत घ्यायचे नाही, अशी अट होती. या अटीमुळे संस्थेला गावात जाऊन कुटुंबे मोजत बसावे लागले नाही, ते काम गावालाच करावे लागले. न देणाऱ्याला समजावणे हीही गावाचीच जबाबदारी झाली. जमलेल्या धान्यातून गावातील आरोग्यसेवकाचे मानधन व औषधांचा खर्च भागवला जाई आणि रुग्णालयात भरती होण्याची वेळ आल्यास सवलत मिळे. फुकट सेवा आणि बाजारभावाची सेवा यांच्यामधली ही वाट होती. १९९० नंतर सोयाबीन वाढले, ज्वारीचा पेरा घटला आणि धान्याच्या वर्गणीचा आधारच सैल झाला. तरीही वर्गणी कुणी, कशात आणि किती द्यायची हे गावाने ठरवण्याची ही पद्धत विदर्भातील सामुदायिक आरोग्याच्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक आखलेल्या प्रयोगांपैकी एक मानावी लागते.

गडचिरोलीचा प्रयोग. १९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि काही वर्षांतच डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. तिचे पहिले मोठे काम उपचारांचे नव्हे, तर पाहणीचे होते. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरता राहू शकला नाही. त्यानंतर नवजात बालकांचा प्रश्न हाती घेण्यात आला. ३९ गावांतील जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणे, वजन करणे, बाळाला ऊब देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे ही कामे त्या करू लागल्या. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली असता तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. खेड्यातील बाईच्या हाती सुई देणे धोक्याचे आहे, हा तेव्हाच्या वैद्यकवर्तुळातील आक्षेप आकड्यांपुढे टिकला नाही. केंद्र सरकारने २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेची योजना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली. आता दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशा ४२ दिवसांत सहा भेटी देते, घरी जन्मलेल्याला सात. इंजेक्शनचा भाग मात्र देशपातळीवर तितक्या मोकळेपणाने स्वीकारला गेला नाही.

रुग्णालय कसे असावे हेही या संस्थेने आदिवासींना विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येत नाही, अशी तक्रार पुढे आल्यावर धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथे झोपड्यांच्या वस्तीसारखे रुग्णालय बांधून त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून चालवलेल्या लोकबिरादरी प्रकल्पातही दवाखान्यापाठोपाठ १९७६ मध्ये निवासी शाळा आली. मेळघाटात डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडला, तर डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेने १९९८ पासून धारणी परिसरात काम केले. कोरकू आदिवासी कुटुंबे आजारी मूल आधी भुमकाकडे, म्हणजे पारंपरिक वैदूकडे, नेतात, आणि पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचा डंबा (चटका) देण्याचे प्रकारही घडत आले आहेत. भुमकाची टिंगल करून हे थांबत नाही. मूल दवाखान्यात पाठवण्यात त्यालाच सहभागी करून घेतले, तर घरचे लोक निदान वेळेत निघतात.

व्यसनमुक्ती आणि युवक. लोकचळवळीच्या रेट्याने गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली. वर्धा जिल्ह्यात ती त्याआधीपासून होती. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली, त्यामुळे बंदी टिकते ती गावाच्या पाठबळावर की पोलिसांच्या, हा वाद अजून मिटलेला नाही. गडचिरोलीत २०१६ पासून शासन, टाटा ट्रस्ट आणि सर्च यांच्या सहकार्याने चाललेल्या ‘मुक्तिपथ’ या कार्यक्रमात दारूबरोबर तंबाखूलाही तेवढेच महत्त्व देण्यात आले. पूर्व विदर्भात तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा शाळकरी मुलेही खातात आणि तिशीतच तोंड पुरते न उघडणारे तरुण दंततपासणीच्या शिबिरांत आढळतात. खर्ऱ्याला दारूसारखी बदनामी चिकटलेली नसल्याने त्याविरुद्ध काम करणे अधिक अवघड जाते. पाहुण्याला खर्रा देणे हा अनेक गावांत अजून आदरातिथ्याचाच भाग आहे.

मुलींच्या बाबतीत आरोग्य आणि विकास यांची सांगड आणखी घट्ट आहे. रक्तक्षय, लवकर होणारे लग्न आणि सातवी-आठवीनंतर सुटणारी शाळा यांचा एकमेकांशी संबंध असल्याने किशोरी गटांत हिमोग्लोबिनची तपासणी आणि शाळेत परत जाण्याची तयारी एकत्र चालते. डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी लैंगिकतेविषयी मुलामुलींशी मोकळेपणाने बोलणे खेड्यांतही शक्य करून दाखवले. गडचिरोलीतील माडिया व गोंड समाजाच्या काही गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया गावाबाहेरच्या कुर्माघरात राहतात. ही प्रथा बंद करावी की तोवर निदान त्या झोपड्यांना पक्के छप्पर, पाणी आणि शौचालय द्यावे, याविषयी कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. काही संस्थांनी दुसरा मार्ग पत्करला. साप चावून किंवा पावसात भिजून बाई दगावण्यापेक्षा तो बरा, हे त्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही.

नामांकित प्रकल्पांखेरीज शेकडो लहान मंडळे आहेत आणि त्यांचे स्वरूप बरेच घरगुती असते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांची शर्यत) यांच्या निमित्ताने गावातील युवक मंडळ रात्रभराचे नाटक ठरवते. तिकिटांतून उरलेला पैसा वाचनालय, समाजमंदिर किंवा एखाद्या गरजू रुग्णाचा नागपूरचा खर्च यांकडे वळतो. अभ्यासिका हे अलीकडच्या काळातील सर्वांत मागणी असलेले काम आहे. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याची आणि गोळाफेकीची तयारी गावाच्या मैदानावर पहाटे चालते. मुलींच्या ८०० मीटरच्या सरावाला एखादी शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका सोबत असेल, तर पालक मुलींना सोडतात. यातील बहुसंख्य मुले भरती होत नाहीत, आणि अपयशी ठरलेल्यांसाठी पुढे काय, याचे उत्तर फार थोड्या मंडळांकडे आहे. सिकलसेलची तपासणी आणि लग्नापूर्वीचे समुपदेशन मात्र अशा मंडळांमुळेच तरुणांपर्यंत पोचते. दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजार पुढच्या पिढीकडे देऊ शकणारे, असल्यास प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी निपजण्याची शक्यता २५ टक्के असते, हे लग्न जुळण्याआधी कळणे महत्त्वाचे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेतही वाहकांची नोंद हाच पाया आहे.

या कामाला हंगामाचे बंधन असते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीच्या काळात घेतलेले शिबिर रिकामे जाते, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफूल वेचणी व तेंदूपत्ता असतो, आणि पूर्व विदर्भातील मजूर मिरची तोडायला तेलंगणात गेलेले असतात. मेळघाटातून कामाला बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला हमखास परततात, म्हणून मुलांच्या वजनाचे आणि राहिलेल्या लसीकरणाचे काम तेव्हा उरकून घेणे सोयीचे ठरते.

नोंदणी, पैसा आणि उत्तराधिकार. अशा संस्थेची नोंदणी साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासदांनी होते आणि महाराष्ट्रात तिला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदवावे लागते. २०१३ च्या कंपनी अधिनियमाने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. तेव्हापासून निधी वाढला खरा, पण तो मुख्यतः मोजता येण्याजोग्या वस्तूंकडे, म्हणजे रुग्णवाहिका, डिजिटल वर्ग, स्वच्छतागृहे यांच्याकडे गेला. आरोग्यदूताच्या मासिक मानधनासाठी देणगीदार शोधणे पूर्वीइतकेच कठीण राहिले. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली, त्याचा फटका मोठ्या संस्थांच्या आधाराने चालणाऱ्या लहान मंडळांना अधिक बसला.

हेमलकसा आणि शोधग्राम येथे संस्थापकांची दुसरी पिढी कामात उतरली आहे. शोधग्राममध्ये २००६ पासून चालणाऱ्या ‘निर्माण’ या युवा शिबिरांतून संस्थापकांच्या कुटुंबाबाहेरचे तरुणही या क्षेत्रात आले. लहान संस्थांत असे क्वचित घडते. संस्थापक थकले की अध्यक्ष-सचिव बदलल्याचा चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) धर्मादाय आयुक्तांकडे मंजूर व्हायला वेळ लागतो, तोवर बँकेच्या खात्यावरील सही बदलत नाही, लेखापरीक्षण राहते, आणि गावातील आरोग्यसेविका मानधन थांबले तरी ओळखीच्या घरांत जाऊन बाळांची वजने घेत राहते किंवा आशा म्हणून शासनाच्या यादीत नाव लावून घेते.